पत्र कधी लिहिलं, कधी पोचलं : १८६८च्या सूर्यपत्रांच्या नोंदी

२ जून

काम अखेर गळ्यात पडलं. विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियमचा दिवस साजरा होतो, त्यासाठी आमच्या हौशी आकाशनिरीक्षक मंडळाने आठ फलक करायचे आहेत. जुन्या फलकांचा मजकूर काकांनी पाठवला. (काका म्हणजे आमचे अध्यक्ष. नात्याने कोणाचेच काका नाहीत, तरी सगळ्यांचे काका.) पहिलंच वाक्य असं: '१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला.'

लहानपणापासून हेच ऐकत आलोय. तरी पत्रं बघायचं ठरवलं, कारण त्या काळच्या खगोलशास्त्रज्ञांचा सगळा व्यवहार पत्रांवर चालायचा. वेधशाळेतून सोसायटीला, सोसायटीतून अकादमीला, आणि वाद झाला की दोन्हीकडे. छापून आलेल्या पत्राच्या डोक्यावर गाव आणि तारीख असते, ती सहसा खोटं बोलत नाही.

वहीत चार रकाने आखले: कुणी, कुठून, कोणत्या तारखेला, कुठे कधी पोचलं. पाचवा रकाना 'शेरा'. तोच सगळ्यात आधी भरणार.

५ जून

त्या दिवशी भारतात दुर्बीण लावून कोण कुठे बसलं होतं, याची यादी. पश्चिमेकडून पूर्वेकडे:

जमखंडी: लेफ्टनंट जॉन हर्षल, रॉयल इंजिनिअर्स. विल्यम हर्षल यांचा नातू, म्हणजे ज्यांच्या नावाने आपल्या पंचांगात 'हर्षल' ग्रह बसलाय त्यांचा. त्रिकोणमितीय सर्वेक्षणात नोकरी, उपकरणं रॉयल सोसायटीने दिलेली. जमखंडी तेव्हा पटवर्धनांचं संस्थान.

विजापूर: कॅप्टन हेग. हातात धरायचा छोटा वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र. दोन पट्टे दिसले, एक गुलाबी लाल, एक फिकट सोनेरी.

गुंटूर: मेजर टेनंट, शिवाय फ्रान्सहून आलेले ज्यूल जान्सेन. दोघं एकाच गावात, तळ वेगवेगळे.

मछलीपट्टणम: मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन.

आणि लॉकियर? तो लंडनमध्ये, युद्ध खात्याच्या कचेरीत कारकून. खगोलशास्त्र हा त्याचा घरचा छंद. १८६८च्या ऑगस्टमध्ये तो भारतात नव्हताच.

दोन वेळा तपासलं. मग चहा केला. काकांना आज फोन नको.

९ जून

जान्सेनचं पत्र फ्रेंच अकादमीच्या वृत्तांतात आहे, सदुसष्टाव्या खंडात. भाची फ्रेंच शिकवते, तिला पानाचा फोटो पाठवला. तासाभरात फोन: "मामा, यात हेलियमचं काहीच नाहीये."

नाहीच. पत्र आहे पद्धतीचं. ग्रहण लागलं, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात झगझगीत रेषा दिसल्या, म्हणजे ज्वाळा वायूच्या आहेत. त्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की जान्सेनच्या मनात आलं, या ग्रहणाशिवायही दिसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी, १९ ऑगस्टला, त्याने उघड्या सूर्याच्या कडेशी वर्णपटदर्शकाची फट नेली आणि त्या दिसल्या. त्यानंतर एकूण सतरा दिवस तो रोज बघत राहिला. तोपर्यंत ज्वाळा पाहायच्या तर काही वर्षांनी येणाऱ्या ग्रहणाची पाच-सहा मिनिटं, तीसुद्धा ढग नसतील तर. आता ऊन पडलं की झालं.

युक्ती समजावताना मला दरवेळी आमच्या आजीची भाकरी आठवते. लोण्याचा तोच गोळा मोठ्या भाकरीवर फासला की पातळ होतो. पण भाकरीवर मिरीचा दाणा ठेवला तर भाकरी केवढीही थापा, दाणा तेवढाच. आकाशाच्या चकचकाटात सगळे रंग असतात. लोलकांनी तो लांबवर पसरला की फिका पडतो. ज्वाळेचा प्रकाश मोजक्या रेषांतच असतो, त्या पसरत नाहीत. म्हणून फिक्या पार्श्वभूमीवर उठून दिसतात.

माझी चूक: कच्च्या मजकुरात मी 'जान्सेनने काकीनाड्याहून ग्रहण पाहिलं' असं लिहून बसलो होतो, कारण वृत्तांतातल्या शीर्षकात काकीनाडा आहे. ग्रहण पाहिलं गुंटूरला. पत्र लिहिलं काकीनाड्याहून, १९ सप्टेंबरला. ज्या पापाबद्दल दुसऱ्यांना धरायला निघालो तेच पहिल्या आठवड्यात मी केलं. शेऱ्यात लाल शाईने लिहिलं: लिहिण्याचं गाव आणि पाहण्याचं गाव वेगळं.

१४ जून

लॉकियरचं पत्र. २० ऑक्टोबर १८६८, रॉयल सोसायटीच्या चिटणिसांना. एका पानाचंही नाही, त्यावर आख्खा दिवस गेला.

मजकूर साधा. आज सकाळी मला सूर्याच्या ज्वाळेचा वर्णपट मिळाला, तीन तेजस्वी रेषा दिसल्या. पहिली 'सी' रेषेशी तंतोतंत जुळते. दुसरी 'एफ'शी जवळपास जुळते. तिसरी 'डी'च्या जवळ. (ही अक्षरं म्हणजे सूर्याच्या वर्णपटातल्या ठरलेल्या काळ्या रेषांची नावं. 'डी' ही सोडियमची पिवळी जोडी.)

अडलो ते तिसऱ्या रेषेपाशी. तो म्हणतो, ही रेषा डीच्या जोडीतल्या जास्त वळणाऱ्या रेषेपेक्षाही आठ-नऊ अंशांनी पुढे आहे, अंश किर्चहॉफच्या पट्टीचे, म्हणजे त्या जर्मन शास्त्रज्ञाने केलेल्या सूर्याच्या वर्णपटाच्या नकाशावरचे. 'वळणाऱ्या' हा माझा शब्द. पाठ्यपुस्तकात 'अधिक वक्रीभवनक्षम' आहे, पण तो फलकावर घातला तर लोक तिथूनच भजी खायला जातील. लोलकातून जाताना जांभळा जास्त वळतो, तांबडा कमी. म्हणजे ही रेषा सोडियमच्या पिवळ्या जोडीपासून हिरव्याच्या बाजूला सरकलेली. शेवटी लिहिलं: 'सोडियमच्या जोडीच्या शेजारी, हिरव्याच्या अंगाला.'

आता ते आठ-नऊ अंश. किर्चहॉफच्या नकाशात डीच्या दोन रेषांमध्ये साधारण चार अंशांचं अंतर आहे. म्हणजे नवी रेषा जोडीतल्या अंतराच्या दुपटीहून थोडी जास्त लांब. आज आपण सांगतो: सोडियम ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटर, हेलियम ५८७.६. जोडीतलं अंतर ०.६, पुढचं १.४. गुणोत्तर सव्वादोनाच्या वर. घाईने लिहिलेल्या पत्रात माणूस इतका जवळ गेलाय. वर आणि कबूलही करतो की नक्की आकडा सांगता येत नाही, वर्णपटाचा हा भाग पुन्हा मोजायला हवा.

त्याचं यंत्रही सुखासुखी आलं नव्हतं. ग्रहणाशिवाय ज्वाळा दिसाव्यात ही कल्पना त्याने १८६६ मध्येच मांडली होती. सोसायटीकडून अनुदान मिळालं, पण कारागिराकडे काम रखडलं. वर्णपटदर्शक हातात पडला १६ ऑक्टोबरला, तोही अर्धवट. चार दिवसांत रेषा सापडल्या. (आमच्या मंडळाच्या दुर्बिणीचा आरसा सात महिने झाले पॉलिशला गेलाय. कुठे ते लिहीत नाही.)

२१ जून

२६ ऑक्टोबर १८६८, पॅरिस, अकादमीची बैठक. रकाने भरले आणि शहारा आला.

जान्सेन: काकीनाडा, १९ सप्टेंबर. पॅरिस, २६ ऑक्टोबर. सदतीस दिवस.
लॉकियर: लंडन, २० ऑक्टोबर. पॅरिस, २६ ऑक्टोबर. सहा दिवस.

सुएझ कालवा उघडला नोव्हेंबर १८६९ मध्ये. त्यामुळे हिंदुस्थानची डाक आगबोटीने सुएझला, तिथून रेल्वेने अलेक्झांड्रियाला, पुन्हा बोटीत. तारा होत्या, इराणच्या आखातातून लाइन आलेली होती, आणि ज्वाळा वायूच्या आहेत ही बातमी तारेने युरोपात आधीच पोचलेली होती. पण फट कुठे धरायची, काय दिसेल, कसं ओळखायचं, हे तारेत मावणारं नव्हतं. ते पत्रानेच आलं, आणि आलं ते नेमकं त्याच दिवशी, लॉकियरचं पत्र वाचून झाल्यावर काही मिनिटांनी.

पाहिल्याची तारीख धरली तर जान्सेन दोन महिने आधी. पोचणं धरलं तर लॉकियर काही मिनिटं आधी. भांडायला याहून सोयीचं कारण शोधून सापडणार नाही, आणि इंग्लंड-फ्रान्सच्या शास्त्रज्ञांना सराव होता: नेपच्यूनवरून बावीस वर्षांपूर्वी यथेच्छ झालं होतं. या वेळी मात्र फाय नावाच्या ज्येष्ठ सदस्याने बैठकीतच सुचवलं, की श्रेय कापून वाटत बसण्यापेक्षा दोघांनाही पूर्ण द्यावं. ते ऐकलं गेलं. १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने पदक पाडलं, एका बाजूला दोघांचे चेहरे शेजारी शेजारी.

भाचीने पदकाचा फोटो पाठवला, तो मोठा करून पाहिला. मागच्या बाजूला रथातला सूर्यदेव, खाली सूर्याच्या ज्वाळांच्या विश्लेषणाचा उल्लेख आणि तारीख: १८ ऑगस्ट १८६८.

एका बाजूला लॉकियरचा चेहरा, दुसऱ्या बाजूला १८ ऑगस्ट. पत्रं न वाचता नुसतं पदक पाहणाऱ्याचा काय समज होईल? आपल्या फलकावरचं वाक्य थेट पदकावरून आलं असं म्हणत नाही. पण गल्लत करायला फ्रान्सच्या टांकसाळीने हातभार लावलाय एवढं नक्की.

२८ जून

काकांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग, "अरे, पण गावातली पोरं दरवर्षी याच दिवशी भाषण करतात. त्यांचा हिरमोड करायचा का?"

मी म्हटलं, "काका, तारीख कुठे काढून घेतोय? ग्रहण १८ ऑगस्टलाच होतं, विजयदुर्ग खग्रास पट्ट्यातच होतं. फक्त साहेब तिथे नव्हता."

"मग साहेबाचे कट्टे कुणाचे?"

प्रश्न रास्त आहे. किल्ल्यावरचे ते चौथरे सगळ्यांनी पाहिलेत. याचं उत्तर दिल्याशिवाय मी काही पुसायचं नाही असं ठरलं.

६ जुलै

कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुपार. सरांनी हेलियमची डिस्चार्ज नळी बाहेर काढली, सोडियमचा दिवा होताच. लोलकाऐवजी रंग पसरवायला जाळी, इंचाला पंधरा हजार रेघांची, साधा विद्यार्थ्यांचा स्पेक्ट्रोमीटर, कोन मोजायचा व्हर्नियर एका मिनिटापर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत वाचता येतो.

आधी सोडियम. फट बारीक करत गेलो तशी पिवळी रेघ दोन झाली, केसाएवढ्या फटीने वेगळ्या. दिवा बदलला. हेलियमची पिवळी रेघ अगदी तशीच पिवळी! रंगावरून कुणीही सांगू शकणार नाही. फक्त क्रॉसवायर (दुर्बिणीतली बारीक फुली) आता रेघेवर नव्हती. स्क्रू फिरवून ती रेघेवर आणली, भिंग लावून वाचलं: तीन मिनिटं. अंशाचा विसावा भाग. गणितानेही तेवढंच येतं.

प्रयोगशाळेच्या मामांनी डोळा लावला आणि म्हणाले, "ही तीच की."

जमखंडीत हर्षललाही हेच वाटलं. ढगांतून मिळालेल्या तुटपुंज्या वेळात त्याने तांबडी, नारिंगी, निळी अशा रेषा पाहिल्या, नारिंगीची जागा मोजली आणि ती सोडियमची डी असल्याचं कळवलं. टेनंटनेही डीच म्हटलं. पॉगसनने डीपाशी किंवा डीच्या जवळ असं लिहिलं, ही सावधगिरी मला फार आवडली. पण त्याचा अहवाल मद्रासेत छापला गेला आणि युरोपातल्या चर्चेत त्याचा आवाज फारसा उमटला नाही. आम्हाला तीन मिनिटांचा फरक वाचायला स्थिर टेबल, पंखा आणि अर्धा तास मिळाला. त्यांच्याकडे अंधार होता, घड्याळ मोजणारा मदतनीस होता आणि पाच-सहा मिनिटं होती.

म्हणून ग्रहणात पिवळी रेघ अनेकांनी पाहिली, पण ती सोडियमची नाही हे लॉकियरने भर उजेडात, लंडनच्या ऑक्टोबरात सांगितलं. फलक तीनवर दोन दिव्यांचे फोटो एकाखाली एक लावायचे, मोजपट्टीसकट.

१२ जुलै

बाहेर पाऊस कोसळतोय, तेवढ्यात एक सुचलं. १८ ऑगस्ट १८६८ ही श्रावण अमावास्या, शके १७९०. म्हणजे पोळा. श्रावणाच्या शेवटी कोकण किनाऱ्यावर सकाळी स्वच्छ सूर्य मिळेल यावर कोण पैज लावेल? निरीक्षकांची यादी परत बघा: जमखंडी, विजापूर, पुढे गुंटूर. सगळे घाटाच्या पलीकडे. तरी हर्षलला ढगांनी गाठलंच.

त्या दिवशी कुणीच किल्ल्यावरून ग्रहण पाहिलं नाही असं यातून सिद्ध होत नाही. सकाळच्या वेळी सूर्य झाकला गेला, पाखरं घरट्यांकडे वळली, तर किल्ल्याखालच्या वस्तीने वर बघितलंच असेल. पण ते शास्त्रज्ञांच्या पत्रांत येत नाही.

२० जुलै

कट्ट्यांचं उत्तर मिळालं.

२२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. पुन्हा खग्रास, पुन्हा पट्टा कोकणातून आत. या वेळी लॉकियर खरोखर विजयदुर्गावर आला! वय एकसष्ट, आदल्या वर्षी 'सर' झालेला. सोबत कलकत्त्याहून प्राध्यापक पेडलर, आणि 'मेलपोमिनी' या युद्धनौकेचे कॅप्टन चिझम-बॅटन आपल्या खलाशांसह. खलाशांना कामं वाटून दिलेली: कुणी प्रभामंडळाचं चित्र काढायचं, कुणी वेळ ओरडायची. तालमी झालेल्या. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटं. जानेवारीचं आकाश. रॉयल सोसायटीच्या अहवालात ठिकाणाचं नाव 'विझियाद्रुग' असं आहे, म्हणून इतके दिवस माझ्या शोधात ते सापडत नव्हतं. नावाचं स्पेलिंग साहेबाच्या कानावर अवलंबून, हे विसरलो होतो.

मुंबई-पुण्यात तेव्हा प्लेगने थैमान मांडलेलं. तरी आपल्या भागात दुर्बिणींची जत्रा होती. करमाळ्याजवळच्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल, आणि तिथेच पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला. नायगमवालांबद्दल एक आख्खा फलक हवा. पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी केली, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वीस इंची परावर्ती दुर्बीण आणवली, लॉकियरशी पत्रव्यवहार ठेवला. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. ज्या पुण्यात मी एवढी वर्षं राहिलो तिथे मला हे नाव कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मध्ये एक गंमत. लॉकियर १८७१ च्या डिसेंबरातल्या ग्रहणालाही भारतात आला होता, मलबार किनाऱ्यावर बेकलला. तोही समुद्रकाठचा किल्ला. त्याच ग्रहणाला जान्सेन निलगिरीत होता.

काकांना रात्री फोन केला. 'विझियाद्रुग' ऐकल्यावर त्यांनी फोनवरच ते तीनदा म्हणून पाहिलं. मग, "म्हणजे साहेब आलाच होता की."

"आला होता, काका. तीस वर्षांनी."

"मग काय हरकत आहे. लिही."

२ ऑगस्ट

प्रत्येक फलकाला फक्त १२० शब्द. छपाईवाल्याने अक्षराचा आकार दाखवला तेव्हा कळलं.

गेलं ते: किर्चहॉफची पट्टी, फायचं भाषण, लोणी-भाकरी (भाचीने वाचवायचा प्रयत्न केला). राहिलं ते: चार रकान्यांचा तक्ता, दोन दिव्यांचे फोटो, पदक, १८९८, नायगमवाला.

शेवटच्या फलकावर रसायनशास्त्रज्ञ रॅम्से. मार्च १८९५ मध्ये लंडनमध्ये त्याने क्लेव्हाइट नावाचं युरेनियमचं खनिज आम्लात घातलं, निघालेल्या वायूत अनोळखी पिवळी रेघ दिसली. त्याने वायूच्या नळ्या क्रुक्स आणि लॉकियरला पाठवल्या. क्रुक्सने रेघ मोजून कळवलं: ही तीच, सूर्यातली. मधल्या सव्वीस वर्षांत 'सूर्यावर नवं मूलद्रव्य' म्हणणाऱ्या लॉकियरची अनेकांनी टर उडवली होती. आता ते सूर्यद्रव्य काचेच्या नळीत बंद होऊन त्याच्याकडे टपालाने आलं. तक्त्यात ही ओळही घातली, 'कुठून' या रकान्यात 'लंडन' आणि खाली बारीक अक्षरात 'आधी: सूर्य'. काकांनी ही एक थट्टा मंजूर केली.

११ ऑगस्ट

प्रूफ आलं. 'जान्सेन' चार ठिकाणी 'जॉन्सन' झालाय. 'वर्णपट' एका जागी 'वर्णपाट'. काकीनाडा बरोबर, हे विशेष. लाल शाई संपली.

१८ ऑगस्ट

पहाटे निघालो. घाटात धुकं, पुढे पाऊस. किल्ल्यावर फलक प्लास्टिकच्या कागदात गुंडाळूनच उभे केले. दहाच्या सुमारास थांबला, तेव्हा कागद काढले.

शाळेची पोरं आली. सातवी-आठवीतली एक मुलगी तक्त्यापाशी थांबून बोटाने दिवस मोजत होती: सप्टेंबरचे अकरा, ऑक्टोबरचे सव्वीस. "सदतीस," म्हणाली, आणि आमचा आकडा बरोबर आहे का ते खाली पाहिलं. मग मला विचारलं, "यांचं पत्र बोटीत बुडालं असतं तर?"

मी सांगितलं, तर पदकावर एकच चेहरा असता. तिला ते फारसं पटलं नाही. "पण त्यांनी आधी पाहिलं होतं ना?" म्हणत ती कट्ट्यांकडे गेली.

काकांनी भाषणात 'लॉकियर विजयदुर्गावर १८९८ साली आले' असं नीट म्हटलं. पुढच्याच वाक्यात सवयीने '१८६८ साली याच ठिकाणी' आलं. थांबले, चष्मा काढला, दुरुस्त केलं.

सूर्य दिवसभर दिसला नाही. उरलेलं काम: फलक चारवर पाण्याने फुगा आलाय, तो बदलायचा. नायगमवालांची छापील पत्रं शोधायची, रकाने आखून ठेवलेत.